रुजवात

प्रणिता बोरखडेला मंद माणसांचा मनापासून तिटकारा होता, आणि नोकरी सरकारी असल्यामुळे त्या तिटकाऱ्यावर उपाशी राहायची पाळी कधी आली नाही. वऱ्हाडातल्या एका शहरात पोलिसांनी जप्त केलेल्या पुराव्यांची सरकारी प्रयोगशाळा होती. तिथल्या डिजिटल विभागाची ती प्रमुख. एम.एस्सी.चं सुवर्णपदक तिच्याकडे होतं. त्याची आठवण ती स्वतः कधी काढत नसे, इतरांनी काढावी अशी व्यवस्था मात्र तिनं करून ठेवली होती. आधी पंचनामा लिहून मग जागेवर जाणारे पोलीस तिला क्षुद्र वाटत, सहीपुरते उगवणारे पंच त्याहून क्षुद्र, आणि सगळ्यांच्या तळाशी, अगदी गाळात, तिच्याच विभागातले सहायक वामनराव गुल्हाने.

गुल्हान्यांचं काम नकला काढायचं. गुन्ह्यात कॉम्प्युटर जप्त झाला की त्यातली डिस्क तशीच उघडून बघता येत नाही. नुसती जोडली तरी कॉम्प्युटर तिच्यावर आपल्या चार रेघोट्या ओढतो, आणि मग वकील विचारतो की हा मजकूर आरोपीचा की तुमचा. म्हणून मध्ये एक छोटी डबी लावतात. तिच्यातून डिस्क वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. मग डिस्कवरचा कण न् कण, रिकाम्या जागेसकट, दुसरीकडे उतरवायचा आणि शेवटी दोन्हींचा हॅश काढायचा. हॅश म्हणजे सगळ्या मजकुराचं गणित करून निघणारा एक लांबलचक आकडा. मजकुरातला एक काना बदलला तरी तो आकडा पार बदलतो. मूळ आणि नक्कल, दोन्हींचे आकडे जुळले की नक्कल खरी. यात हुशारी काही नाही, वेळ मात्र जातो. आठ टेराबाईटच्या डिस्कला अकरा तास.

ते अकरा तास गुल्हाने डबीवरच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसायचे. बारा वाजता डबा खायचे, पुन्हा बसायचे. वहीत डिस्कचा नंबर लिहायचे आणि स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवायचे. इकडे कपाटात सहाशे डिस्का पडून होत्या आणि त्या सहाशेंचे मालक, चोर असोत की साव, तुरुंगात तारखा मोजत होते. प्रणिता चिडीला यायची ती उगीच नव्हे.

अशात 'सत्वर' आलं. कपाटाएवढं, पांढरंशुभ्र, समोर एकच फट. डिस्क आत सरकवायची, चहा मागवायचा, आणि चहा येण्याआधी नक्कल तयार. आठ टेराबाईटला चार मिनिटं.

डिस्क वाचण्याचा वेग काही वाढला नव्हता. त्याला भौतिकशास्त्राची हद्द असते आणि ती कुणाच्या उद्घाटनानं हलत नाही. सत्वरनं वेगळीच युक्ती काढली होती: वाचायचंच नाही. माणसांच्या डिस्कांवर असतं तरी काय? शंभरातले शहाण्णव भाग सगळ्यांकडे तेच. तीच ऑपरेटिंग सिस्टीम, तीच गाणी, काकांनी पाठवलेले शुभ सकाळचे तेच गुलाब. मग तोच गुलाब दहा लाख वेळा कशाला उतरवायचा? सत्वरकडे राज्यभरातून आजवर आलेल्या प्रत्येक फायलीचा भलामोठा साठा होता. नवी डिस्क आली की ते आधी तिची अनुक्रमणिका वाचायचं: नावं, तारखा, आकार. मग प्रत्येक फायलीचं थोडं डोकं, थोडं शेपूट आणि मधले दोन-चार घास चाखायचं. साठ्यातल्या एखाद्या फायलीशी चव जुळली की 'ओळखलं' म्हणायचं आणि बाकीचा सगळा मजकूर साठ्यातून उचलून नकलेत ठेवायचं. न ओळखलेली फाईल तेवढी पूर्ण वाचून साठ्यात टाकायची, म्हणजे पुढच्या खेपेला तीही ओळखीची.

राहिला हॅश. तो मूळ डिस्कचा काढायचा तर ती पूर्ण वाचावी लागणार, मग चार मिनिटांचं काय? म्हणून हॅश नकलेचाच काढायचा आणि नकलेशीच जुळवायचा. आरशात बघून 'आपण दोघं किती सारखे दिसतो नाही?' म्हणण्यासारखंच ते होतं, पण कागदावर हिरवी टिकली यायची. चुकीची शक्यता दहा कोटी फायलींत एक, असं माहितीपत्रकात छापलं होतं. राज्यभरच्या डिस्का मिळून वर्षाला किती फायली होतात, आणि तो 'एक'चा आकडा खरा तरी धरायचा का, हा विचार सुवर्णपदकवालीला येत नव्हता असं नाही. तिनं तो केला नाही.

गुल्हाने तेवढे सत्वरभोवती दोन फेऱ्या मारून आले.

"मॅडम, हे वाचत नाई. वळखते," ते म्हणाले. "वळखनं येगळं, वाचनं येगळं. मी बी पाठमोरा मानूस दुरून वळखतो, अन् जवळ गेलो का तो भलताच निंगते."

"तुम्हाला अकरा तास लागतात ते काम हे चार मिनिटांत करतं, म्हणून तुम्हाला मिरच्या झोंबल्यात, गुल्हाने."

"असन बाप्पा," गुल्हाने म्हणाले आणि डबा धुवायला गेले.

पुढच्याच आठवड्यात प्रणितानं त्यांना तळघरातल्या मुद्देमालाच्या खोलीत पाठवलं. तिथं त्यांना काम दिलं ते मूळ डिस्का चिरडायचं. प्रमाणित नक्कल असताना मूळ डिस्क जागा अडवते, तेव्हा वर्ष उलटलेल्या डिस्कांचा चुरा करावा, असं परिपत्रकच निघालं होतं. ज्यानं जन्मभर डिस्का जपल्या त्याच्याच हाती घण द्यायचा, ही कल्पना प्रणिताचीच, आणि ती तिला थोडी गंमतीचीही वाटली होती.

नकलेसोबत एक प्रमाणपत्र निघायचं. तो फॉर्म मंत्रालयातल्या कुणा कारकुनानं कोर्टाच्या जुन्या नकलांवरून जसाच्या तसा उचलला होता. खाली तीन ओळी: 'नक्कल करणार', 'वाचणार', 'रुजवात घेणार'. पहिल्या दोन ओळींत 'सत्वर' छापून यायचं. तिसरीखाली प्रणिता सही करायची. चौदा महिन्यांत तिनं अकराशे त्रेसष्ट सह्या केल्या. रुजवात म्हणजे काय हे तिनं कधी विचारलं नाही. फॉर्मवरचे शब्द वाचायचे नसतात, त्यांच्याखाली सही करायची असते, हे गुल्हाने सोडून त्या इमारतीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सत्वरची खरी कीर्ती झाली ती हक्कसोडपत्रांच्या प्रकरणात. बहिणीनं आपला जमिनीचा वाटा भावाला सोडल्याची खोटी कागदपत्रं सगळ्या वऱ्हाडात फिरत होती. पोलिसांनी तहसील कचेऱ्यांसमोरच्या एकोणचाळीस टायपिंग सेंटरांवर एकाच दिवशी छापे घातले. तीन तासांत डिस्का सत्वरमधून निघाल्या, आणि काय आश्चर्य! एकाच बनावट हक्कसोडपत्राची फाईल अकरा सेंटरांत सापडली. कुणी सिंधूबाई नावाच्या विधवेनं अकरा एकर भावाला 'स्वखुशीने' सोडल्याचा तो लेख. हे अकरा जण एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण प्रयोगशाळेचे उपसंचालक दाभोळे यांना त्याची अडचण वाटली नाही. त्यांनी पत्रकार परिषदेत 'अकरा जणांची टोळी' जाहीर केली. न भेटता चालणारी टोळी म्हणजे किती अट्टल, असंही ते म्हणाले. जामीन कुणालाच मिळाला नाही. तिघांनी तर महिन्याभरात गुन्हा कबूल केला.

पहिला खटला उभा राहिला तो सावळापूरच्या गजानन उमाळ्यांचा. वय एकसष्ट, तहसीलसमोर पत्र्याच्या टपरीत तीस वर्षं टायपिंग. चौदा महिने तुरुंगात. प्रणिता तज्ज्ञ साक्षीदार म्हणून गेली तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातला तो वाळका माणूस तिनं एकदा पाहिला आणि सोडून दिला. बचावाला ॲडव्होकेट तस्लीम काझी, तिशीची मुलगी, कोटाचा काळा रंग उडालेला. ही काय विचारणार, असं प्रणिताच्या मनात आलं.

"मॅडम, प्रमाणपत्रावर सही तुमची?" काझीनं विचारलं.

"हो."

"सहीच्या वर काय छापलंय?"

"रुजवात घेणार."

"रुजवात म्हणजे काय?"

प्रणितानं क्षणभर फॉर्मकडे पाहिलं. "पडताळणी."

"कशाची?"

"नकलेची."

"कशाशी?"

"हॅशशी."

"तो हॅश कशाचा?"

"नकलेचा," प्रणिता म्हणाली, आणि कोर्टाचा पट्टेवाला फिस्सकन हसला.

"म्हणजे नकलेची नकलेशीच. मूळ डिस्क त्या वेळी कुठं होती, मॅडम?"

"यंत्रात."

"किती वेळ?"

"चार मिनिटं."

काझी खाली बसली. तेवढ्यात पिंजऱ्यातून उमाळ्यांनी हात जोडले. "साहेब, एक सांगू काय?"

न्यायाधीशांनी मान हलवली.

"हा कागद वकीलबाईनं परवा दाखवला, तवा मी तो पयल्यांदा पायला. याच्यात 'स्वखुशीने' लिवलं हाय. त्यातल्या 'खु'ले दुसरा उकार देल्ला हाय, साहेब. तीस वर्सं टायपिंग करून राहिलो. लोकायच्या जमिनी गेल्या, भावाभावाची तोंडं फिरली, पन माह्या हातून स्वखुशीले दुसरा उकार कवाच पडला नाई."

या वेळी सगळं कोर्टच हसलं. "उमाळे, शुद्धलेखन हा बचाव होत नाही," न्यायाधीश म्हणाले आणि पुढची तारीख दिली.

परतताना जीपमध्ये प्रणिता धुमसत होती. एका टपरीवाल्या टंकलेखकानं भर कोर्टात पहिला उकार आणि दुसरा उकार शिकवावा, आणि तोही आपल्या यंत्राला! त्याचं थोबाड बंद करायचंच म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या डिस्कची नक्कल उघडली. दोन हजार एकशे चाळीस दस्तऐवज. 'स्वखुशीने' हा शब्द चार हजारांहून जास्त वेळा. सगळीकडे पहिला उकार. दुसरा उकार फक्त तीन फायलींत, आणि त्या तिन्ही फायली नावं वेगळी असूनही अक्षरन् अक्षर एकच होत्या. पोलिसांनी त्याचा अर्थ 'गुन्हेगारानं तीन प्रती करून ठेवल्या' असा लावला होता.

मग तिनं बाकीच्या दहा जणांच्या नकला उघडल्या. तिथंही सिंधूबाई, तिथंही दुसरा उकार. अकरा टायपिस्ट, अकरा तालुके, आणि चूक एकच. माणसं चुकतात ती आपापल्या परीनं. इतक्या शिस्तीत फक्त नक्कलच चुकते.

तिनं सत्वरचा साठा धुंडाळला. हा लेख साठ्यात पहिल्यांदा कधी आला? दोन वर्षांपूर्वी, राज्याच्या दुसऱ्या टोकाहून, एका खऱ्याखुऱ्या भामट्याच्या डिस्कवरून. तो केव्हाच शिक्षा भोगत होता. आणि मग सगळं तिच्या लक्षात आलं. टायपिंग सेंटरवाले सगळेच एका जुन्या नमुन्यावर काम करतात. कुणीतरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बनवलेला तो नमुना पेनड्राइव्हवरून या टपरीतून त्या टपरीत गेलेला. वरचं 'आम्ही खाली सह्या करणार' तेच, शेवटचं 'सत्य प्रतिज्ञेवर' तेच, आणि ते जुनं सॉफ्टवेअर पान भरलं नाही तरी फाईल ठरावीक आकाराचीच करायचं. डोकं तेच, शेपूट तेच, आकार तोच. फरक काय तो मधल्या आठ-दहा ओळींत, आणि सत्वरनं नेमके तिथले घास चाखले नव्हते. ओळखलं, म्हणालं, आणि भामट्याचा मजकूर उचलून ठेवला. फायलीचं नाव आणि तारीख उमाळ्यांची, पोटात मजकूर भामट्याचा.

हे कागदावर सिद्ध करायचं तर मूळ डिस्क हवी होती. आणि वर्ष उलटून दोन महिने झाले होते.

ती तळघराचे जिने धावत उतरली. गुल्हाने टेबलाशी बसून वहीत नंबर लिहीत होते.

"गुल्हाने, सावळापूर, उमाळे. चिरडली?"

त्यांनी चष्मा वर केला. वही चाळली. मागं गेले, पुन्हा पुढं आले. प्रणिताला वाटलं आता आपण किंचाळणार.

"नाई," ते म्हणाले. "नंबर लिवतो, वाचतो, पुन्हा पायतो, मंग चिरडतो. तीनशे अठ्ठ्याऐंशी झाल्या आजवर. लय मांगं हाये मी. तुमी मेमोबी देल्ला ना मले त्याच्यापायी."

मेमो तिनंच दिला होता, 'अक्षम्य दिरंगाई' म्हणून. ती खुर्चीवर बसली. खुर्चीवर धूळ होती, तरी बसली.

"रुजवात म्हणजे काय हो?" तिनं विचारलं.

गुल्हान्यांनी वही मिटली. हसले नाहीत. "पयली नोकरी माही कोर्टात होती, नक्कल विभागात. एकानं अस्सल वाचाचं, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवाचं. आवाज अन् बोट संगमंग चालले पायजेत. जिथी बोट अडलं तिथी थांबाचं. हे झाल्याबिगर साहेब सही करे नाई. त्याले रुजवात म्हनतात."

"घ्यायची?"

"घ्या ना. रविवारी या. कोनी खालती येत नाई."

रविवारी सकाळी आठला त्यांनी जुनी डबी लावली. हिरवा दिवा लागला. प्रणितानं सत्वरच्या नकलेचा कागद समोर घेऊन बोट ठेवलं आणि गुल्हाने मूळ डिस्कवरची पहिली फाईल वाचू लागले. त्यांचा आवाज देवळातल्या पोथीसारखा एकसुरी होता.

"आम्ही खाली सह्या करणार, राहणार मौजे..."

बोट सरकत होतं.

"...आमच्यात कोणताही वाद नसून, गट नंबर बावन्नमधील सामायिक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या..."

बोट अडलं. कागदावर सिंधूबाईची अकरा एकर जमीन होती.

"थांबा," प्रणिता म्हणाली.

"थांबलो," गुल्हाने म्हणाले.

दुसरी फाईल कुणा बाईच्या रेशनकार्डावरच्या नावाच्या दुरुस्तीची निघाली. तिसरी एका हरवलेल्या गुणपत्रिकेची. तिन्हींत कुठंही सिंधूबाई नव्हती आणि 'स्वखुशीने'ला पहिला उकार होता. मग त्यांनी डिस्कची पूर्ण नक्कल लावली आणि अकरा तास दिव्यासमोर बसून राहिले. बारा वाजता गुल्हान्यांनी डब्यातली अर्धी भाकर तिच्यापुढे केली. ती म्हणाली भूक नाही, आणि मग खाल्ली.

सोमवारी ती दाभोळ्यांकडे गेली. पुण्याकडचे दाभोळे गोड बोलत. आवाज चढवणं हे त्यांच्या मते खालच्या दर्जाच्या लोकांचं काम होतं.

"बसा, बसा," सगळं ऐकून ते म्हणाले. "तुमची निष्ठा कौतुकास्पद आहे. उमाळेचा खटला आपण मागे घ्यायला लावू. पुराव्याअभावी. गाजावाजा नको."

"आणि बाकीचे दहा?"

"बघू की. सवडीनं."

"तिघांनी कबुली दिलीय, सर."

"मग त्यांचा तर प्रश्नच नाही. कबुली दिली म्हणजे केलं असणार."

प्रणिताला आजवर पोलीस क्षुद्र वाटले होते, पंच क्षुद्र वाटले होते. हा माणूस रोज तिच्याशी इंग्रजीत बोलायचा, म्हणून केवळ तिनं त्याला त्या यादीत घातलं नव्हतं. आणि तिचं स्वतःचं नाव तर त्याच्याही खाली हवं होतं, कारण सही त्याची कुठंच नव्हती.

"सर, जे कबूल केलं ते त्यांच्या डिस्कवर कधी नव्हतंच."

"हे पहा," दाभोळे म्हणाले, "तुमच्या सह्या अकराशे आहेत. राज्यभरात नऊ हजार. तुम्ही कोर्टात उभं राहून हे बोललात की सगळे दरवाजे उघडणार. तो लहान मुलांच्या चित्रफिती विकणारा नराधम आठवतो? तोही सत्वरवरच आत आहे. तो सुटला तर चालेल तुम्हाला?"

हा मात्र वार होता. त्या माणसाची डिस्क तिनं स्वतः पाहिली होती आणि दोन दिवस तिला अन्न गेलं नव्हतं.

"त्याची डिस्क खाली आहे," ती म्हणाली. "अकरा तास लावून वाचू. असेल तर सापडेल, आणि मग त्याला कुणाचा बापही सोडवू शकणार नाही."

"आणि ज्या चिरडल्या त्या?"

ते तीनशे अठ्ठ्याऐंशी जण आता कायमचे सत्वरच्या शब्दावर गेले होते, आणि त्यांतल्या बऱ्याच डिस्का चिरडायची घाई तिनंच केली होती.

"पुढच्या वर्षी माझी जागा रिकामी होतेय," दाभोळे हळूच म्हणाले. "विचार करा."

तिनं विचार केला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. चार दिवस केला. त्या चार दिवसांत तिनं दोनदा आपली साक्ष लिहिली आणि दोनदा फाडली. पाचव्या दिवशी तारीख होती.

कोर्टात तिनं सगळं सांगितलं. मूळ न वाचता नक्कल खरी म्हटलं, रुजवात न घेता रुजवातीखाली सही केली, असं सरळ सांगितलं. काझीनं एकच प्रश्न विचारला, "अशा किती?" आणि प्रणितानं आकडा सांगितला. या वेळी पट्टेवालाही हसला नाही. न्यायाधीशांनी उमाळ्यांना सोडलं आणि डिस्का चिरडणं त्याच क्षणी थांबवण्याचा, उरलेल्या सगळ्यांची फेरतपासणी करण्याचा हुकूम दिला.

बाहेर आवारातल्या कडुनिंबाखाली उमाळे बाकावर बसले होते. हातात निकालाची प्रत. प्रणिता त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती आधी त्यांच्या शुद्धलेखनाबद्दलच बोलली.

"तुमच्या त्या उकारामुळंच कळलं, काका. नाहीतर..."

"हो," उमाळे म्हणाले.

"माझी चूक झाली. फार मोठी चूक झाली."

त्यांनी मान वर केली. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. तिला ते राग असण्यापेक्षा वाईट वाटलं.

"बाई, एक सांगतो. कागद मले आताच महिन्यात पाह्याले भेटला. त्याच्या आंधी वरीसभर सगळे एकच म्हनत. मशीनीत निंगालं, मशीन खोटं बोलत नाई. ते बाकीचे तिघं कबूल झाले. मंग मलेबी वाटू लागलं, का इतके कागद टायपतो आपन, कोनी पाचशे रुपये जास्त देल्ले असन, अन् आपन न वाचता टायपलं असन. माह्याच हातचं असन. बायको भेटाले आली, तवा मी तिले तसंच सांगतलं. म्हनलं, मीच केलं वाटते."

उमाळ्यांनी बाकावर पडलेलं कडुनिंबाचं पान झटकलं.

"तिनं काई म्हनलं नाई. डबा ठेवला अन् गेली. नवव्या महिन्यात वारली. मातीले मले दोन घंटे सोडलं, पोलिसासंग." त्यांनी निकालाचा कागद उलगडला, गुडघ्यावर सारखा केला. "ती गेली तवा तिच्या लेखी मी चोरच होतो. आता हा कागद मी दाखवू कोनाले?"

आवाराच्या फाटकाशी सावळापूरची बस लागली. उमाळ्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि कुणाचा आधार न घेता चढले. बस गेल्यावरही प्रणिता बराच वेळ तिथंच उभी होती. वकील येत-जात होते आणि तिला वळसा घालून जात होते.

आठवड्यात तिच्या हाती दोन कागद पडले. एक चौकशीची नोटीस. दुसरा दाभोळ्यांचा आदेश: सह्या आपल्या आहेत, सबब उरलेल्या सातशे पंच्याहत्तर डिस्कांची फेरतपासणी आपणच करावी, जादा यंत्र वा मनुष्यबळ मिळणार नाही. सत्वर वरच्या मजल्यावर चालूच होतं. प्रमाणपत्राचा नवा फॉर्मही छापून आला होता आणि त्यात रुजवातीची ओळच नव्हती.

ती तळघरात उतरली. गुल्हान्यांनी दुसरी जुनी डबी कुठूनतरी शोधून काढली होती आणि ती फडक्यानं पुसत होते. टेबलावर डिस्कांची यादी ठेवलेली, मालकांच्या नावा-फोनांसकट.

"नंबरानं घ्याच्या ना मॅडम?"

"नाही," प्रणिता म्हणाली. तिनं यादी जवळ ओढली, पहिल्या नावासमोरचा घरचा फोन नंबर पाहिला आणि मोबाइल काढला. "आधी एकेकाच्या घरी विचारू. ज्याच्या घरी वाट बघणारं माणूस म्हातारं आहे, आजारी आहे, त्याची डिस्क पहिली."

पलीकडं घंटी वाजायला लागली, आणि कुणी उचलेपर्यंत तिनं फोन कानाशी तसाच धरून ठेवला.